नानासाहेबांचं धरणं

पुनावळ्यातली कुठली पोर आता शाळा सोडणार, हे इंद्रायणीला हल्ली त्या पोरीच्या आईबापाच्याही आधी कळायला लागलं होतं. पोर आधी मागच्या रांगेत सरकायची, मग दाराशी. पाटीला तडा गेला तरी नवी मागायची नाही. पुढच्या इयत्तेचं बोलणं निघालं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. आणि सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे ती भांडायची बंद व्हायची. जागेवरून, पेन्सिलीवरून, शिवाशिवीत राज्य कुणावर आलं यावरून जी पोर कडाकडा भांडते ती शाळेत टिकते, हे इंद्रायणीनं मास्तरीण झाल्यापासून ताडलं होतं. जिला शाळेतलं काही आपलं वाटेनासं झालं, ती भांडणार तरी कशासाठी?

अशी पोर दिसली की इंद्रायणी संध्याकाळी डोक्यावरचा पदर सारखा करून तिच्या घरी जायची. कोंडाजीची लेक धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहायला लागली, तेव्हा इंद्रायणीनं त्या भावालाच शाळेत आणायला सांगितलं. आता तो फळ्याखाली बसून पाटीवरच्या पेन्सिली खायचा. मंजुळाबाईची लेक शेळ्यांमागं जात होती, तर शेळ्या शाळेमागच्या बाभळीला बांधल्या गेल्या. मोठे गुरुजी वैतागले. ही शाळा आहे की कोंडवाडा, असं ते म्हणायचे. पण पट वाढला होता आणि शाळा तपासायला दीपोटी साहेब येऊन गेले तेव्हा तोंड भरून बोलून गेले होते, त्यामुळे गुरुजी वैतागायचे तेही हसत हसतच.

सगळ्या गळणाऱ्या पोरी परत आणल्या, अशा आनंदात इंद्रायणी होती. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळच्या शाळेत ती सहावीला भूगोल शिकवत होती, आणि शिकवता शिकवता तिची नजर दाराशी गेली. दाराजवळ सोजरा बसली होती. तिची स्वतःची पुतणी, थोरल्या दिरांची लेक. पाटीवर गाल टेकून ती गाढ झोपली होती.

इंद्रायणीला आठवलं, दिवाळीपर्यंत ही पोर पहिल्या रांगेत बसत होती. वर्गात तिच्याइतकी भांडखोर दुसरी कुणी नव्हती. ती गप्प कधी झाली? मागं कधी सरकली? साऱ्या गावाच्या पोरींवर नजर ठेवताना घरातलीच पोर आपल्याला दिसली नाही.

मधल्या सुट्टीत तिनं सोजराला बाजूला घेतलं आणि झोप का येते ते विचारलं. सोजरा म्हणाली, "दळण असतं ना, काकी." मग वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाली, "सातवीला मी न्हाईच बसणार. आई काय बोलली न्हाई, पण मला कळतं ना."

इंद्रायणीला पुढं काही विचारावं लागलं नाही. घरातल्या जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा असतो. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या जावेच्या समोर ती स्वतः बसायची. नोकरी लागली, मग दिवाळीनंतर सकाळची शाळा सुरू झाली आणि तिचं दळण सुटलं. आपल्या रिकाम्या जागेवर कोण बसतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

जत्रा होऊ दे, मग थोरल्या जावेशी, अक्कांशी बोलू, असं तिनं ठरवलं. ते ठरवणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

*

भैरवनाथाच्या जत्रेत नानासाहेबांना बोलायला उभं करायचं नाही, असं इंद्रायणीच्या सासूचं, अंबूबाईंचं स्पष्ट मत होतं. बोलायला लागले की आपला नवरा गर्दीच्या ताब्यात जातो, हे त्या संसारभर बघत आल्या होत्या. पण नानासाहेब गावचे वडीलधारे, वर शाळा समितीचे अध्यक्ष. पंचांनी नारळ हातात दिला, नवा फेटा बांधला आणि देवळाच्या पारावर चढवलं.

सुरुवात बरी झाली. पाऊसपाणी झालं, पवनेच्या बंधाऱ्याचं झालं. मग पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्याकडं गाडी वळली. आपला धाकटा मालोजी तिथं कामाला लागला तो केवळ सातवी पास होता म्हणून, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग धाकट्या सुनेनं, इंद्रायणीनं, गावातल्या पोरी शाळेत कशा परत आणल्या, तेही त्यांनी सांगितलं. जास्त टाळ्या पडल्या. कुणीतरी गुलाल उधळला, ताशावाल्यानं एक थाप दिली आणि नानासाहेबांचा जीव असा काही फुलला, की पुढचं वाक्य आपण बोलणार आहोत हे बोलून होईपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"आजपासनं ज्या घरची पोर सातवीच्या आत शाळा सोडंल, त्या घराच्या उंबऱ्यावर हा नाना येऊन बसंल. पोर शाळंला लागंपतुर अन्नाचा कण घेनार न्हाई. भैरोबाची आन."

ढोल-ताशे एकदम वाजायला लागले. बायकांमध्ये उभ्या असलेल्या अंबूबाईंनी कपाळाला हात लावला.

वाजाप थांबल्यावर कोंडाजी पुढं आला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. नानासाहेबांच्या घरानं आपल्या लेकीचं भलं केलं, तर आपणही चार लोकांत विचारपूस करावी, एवढंच. बायकांच्या बाजूला वळून त्यानं इंद्रायणीला विचारलं, की मास्तरीणबाई, आता गावात अशी कुणी पोर राहिली का?

सगळा पार तिच्याकडं बघायला लागला. नाही म्हणणं किती सोपं आहे, हे इंद्रायणीच्या लक्षात आलं. नुसती मान हलवली असती तरी ढोल पुन्हा सुरू झाले असते. पण ज्या ज्या घरांच्या उंबऱ्याशी ती गेली होती, त्या घरांतल्या बायका तिच्या आजूबाजूलाच उभ्या होत्या.

"एक आहे," ती म्हणाली.

"कुणाची?" नानासाहेबांनी पारावरूनच विचारलं. आवाजात अजून भाषणाचा जोर होता.

"आपली सोजरा, मामंजी."

नानासाहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, सुनेचं डोकं फिरलं. मग त्यांची नजर अंबूबाईंच्या पायाशी गेली. नवं परकर-पोलकं घातलेली सोजरा आजीच्या पायांना टेकून बसली होती. एवढे ढोल वाजले, गुलाल उडाला, आजोबा पारावर गरजले, आणि पोर तोंड उघडं टाकून झोपली होती.

ते पारावरून उतरले. सरळ घराकडं चालायला लागले. पंच त्यांच्यामागं, पंचांमागं गर्दी, आणि हा मिरवणुकीचाच भाग असावा अशा समजुतीनं ढोलवालेही वाजवत मागं निघाले.

*

सोजराची आई यशोदाबाई चुलीपुढं पुरणपोळ्या करत होती. पाहुण्यांची पंगत दुपारी बसायची होती. वाजाप जवळ यायला लागली तेव्हा तिला वाटलं, पालखी या आळीनं आणली. तिनं घाईनं हात धुतले, निरांजन लावलं आणि तबक घेऊन दाराशी आली. दारात देव नव्हता. सासरे होते. ते उंबऱ्यावर मांडी घालून बसले होते आणि सगळं गाव अंगणात उभं होतं.

त्यांना ओवाळावं की नाही, हे तिला कळेना.

अंबूबाई गर्दीतून वाट काढत धापा टाकत आल्या आणि त्यांनी थोरल्या सुनेला घडलेलं सांगितलं. यशोदाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. घरातलं घरात न बोलता धाकटीनं हे पारावर सांगितलं, याचा राग होता. आणि ती खोटं बोलली नव्हती, याचा त्याहून जास्त.

सोजराला काखेला धरून इंद्रायणी आली. यशोदाबाईनं तबक खाली ठेवलं. सासऱ्यांपुढं ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती. आज बोलली, पण जावेकडं बघून.

"मी तिला शाळा सोड म्हनलं न्हाई. मी तिला निस्तं म्हनलं, खुट्याला हात लाव. तू मास्तरीण झालीस. मला आनंद झाला. पर जातं एकलीच्या हातानं वडत न्हाई, इंद्रायणी. आन जत्रेचं दळाण म्हंजी काय असतं, तुला म्हाईत हाय."

अंगणातल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांनाही ते माहीत होतं.

इंद्रायणी म्हणाली, की चूक माझी आहे. मी नोकरी सोडते आणि उद्यापासून जात्यावर बसते.

ती हे मनापासून बोलली होती, पण यशोदाबाई उसळलीच. "सोडून तर बघ. माज्या म्हायेरी चऱ्होलीला मी सगळ्यांला सांगून बसलीया, माजी जाऊ मास्तरीण हाय म्हनून. आता कुटल्या तोंडानं जाऊ तितं?"

बायकांमध्ये हसू फुटलं. कुणीतरी तोंडाला पदर लावला, पण उशीर झाला होता. हसू सगळ्या अंगणात पसरलं. इंद्रायणीही रडता रडता हसायला लागली. हे बघून यशोदाबाईलाही हसू आवरेना. एवढं भांडण काढलं होतं, ते कुठं गेलं हे तिलाच समजेना.

उंबऱ्यावर बसलेले नानासाहेब मात्र गोंधळले. धरणं धरायचं म्हणजे कुणाविरुद्ध तरी धरायला हवं. थोरलीचा दोष दिसत नव्हता, धाकटीचा दिसत नव्हता. ते म्हणाले, "मग म्या बसलोय कुनापाई?"

अंबूबाई या प्रश्नाची कितीतरी दिवस वाट बघत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या समोर जाऊन शांतपणे सांगायला घेतलं. चिंचवडात इंजिनाची पिठाची गिरणी सुरू झाली आहे. आसपासच्या गावांचं दळण तिकडं जातं. पण या घरात गिरणीचं पीठ चालत नाही, कारण घरधन्याला ते करपट लागतं. एकदा करून वाढलं होतं, तर ताट सरकवून उठले होते. आणि नानासाहेब खात नाहीत म्हटल्यावर गावातले बाकीचे बापेही आपापल्या घरी तेच म्हणायला लागले.

"तवा तुमी बसलाय ते तुमच्याच जिभंपाई," त्या म्हणाल्या. "बसा निवांत."

आता बायकांनी पदर वगैरे काही लावला नाही. गर्दीतल्या बापयांनी मात्र एकमेकांकडं बघायचं टाळलं. नानासाहेबांनी वर बघितलं, खाली बघितलं, फेट्याचा शेमला पुढं घेतला, मागं टाकला. मग सोजराला जवळ बोलावलं.

"माज्या भाकरीचं पीठ तू दळतीस व्हय?"

सोजरानं मान हलवली.

"आन म्हनून शाळंत झोपतीस?"

तिनं पुन्हा मान हलवली. मग आजोबांना फार वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "रोज न्हाई झोपत."

नानासाहेब उठले. गर्दीच्या डोक्यावरून त्यांनी थोरल्या लेकाला हाक मारली आणि बैल जुंपायला सांगितले. घरात जेवढं धान्य दळायचं आहे तेवढं आत्ताच्या आत्ता चिंचवडला जाईल, आणि मी स्वतः घेऊन जाईन.

*

थोरल्या लेकानं, अर्जुनरावानं गोठ्याकडं बघितलं. हौशा आणि पाखऱ्या, त्याचे शर्यतीचे बैल, शिंगं रंगवून, झुली घालून गोठ्याबाहेर उभे होते. दुपारनंतर शर्यती होत्या. वर्षभर त्यानं या दिवसाची वाट बघितली होती. नांगराचे बैल रानात चरायला सोडलेले. ते आणेपर्यंत वेळ जाणार. म्हणजे वडील कुठले बैल म्हणत होते, ते उघड होतं.

शर्यतीच्या बैलांना कुणी पोत्यांच्या गाडीला जुंपतं का, हे तो बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. एवढ्यात त्याला सोजरा दिसली. आजोबा बोलायचे थांबताच ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे डोळे पुन्हा मिटायला लागले होते.

बैलांची झोप मोडू नये म्हणून अर्जुनराव पहाटे गोठ्यात कंदील नेत नसे. त्यांना कधी थकवा येतो, कधी चारा नको होतो, सगळं त्याला नुसत्या बघण्यानं कळायचं. आपली पोर कधी उठते हे मात्र त्याला आज, गावासमोर, दुसऱ्यांच्या तोंडून कळलं होतं. त्यानं तोंड मिटलं आणि गाडी काढली.

घरातली पोती चढली. मग एक अजब गोष्ट झाली. मंजुळाबाई घरी पळत गेली आणि डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन आली. आता नानासाहेबच गिरणीला निघालेत म्हटल्यावर आमच्या घरी कोण काय बोलणार, असं म्हणून तिनं पाटी गाडीत ठेवली. तिच्यामागं कोंडाजीची बायको आली. मग बायकांची रीघच लागली. नाही म्हणायची सोय कुणाच्याच नवऱ्याला राहिली नव्हती. गाडीत नानासाहेबांना बसायला जागा उरली नाही, म्हणून ते पोत्यांवर चढून बसले. ढोलवाले अजून वाजवतच होते.

हौशा-पाखऱ्यांना पोती ठाऊक नव्हती. अंगावर झूल आहे, मागं वाजतंय, लोक ओरडतायत, म्हणजे पळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. शिवेबाहेर पडताच त्यांनी जी उचल घेतली ती घेतली. अर्जुनराव कासरे खेचत होता आणि मनातून त्याला खेचवत नव्हते. पोत्यांना मिठी मारून बसलेले नानासाहेब आधी भैरोबाचा धावा करत होते, मग जरा वेळानं "सोड, सोड त्येंला" असं म्हणायला लागले. नदीच्या उतारावर बैलांनी पाणी उडवलं. पलीकडच्या काठानं जत्रेला निघालेली एक गाडी या रंगवलेल्या शिंगांना बघून थांबली आणि त्यातल्या पाहुण्यांनी विचारलं, की शर्यत इकडं कधीपासून ठेवली? बापलेकांना हसू इतकं आलं की उत्तर देता येईना.

गिरणीवाल्यानं एवढं दळण बघून इंजिन थंड होऊच दिलं नाही. सायकलवर मागून आलेला मालोजी दाराशी पोत्यावर बसून होता. आपली बायको पारावर बोलली तेव्हा तो गर्दीच्या कडेला होता आणि तिच्या बाजूनं एक शब्दही बोलला नव्हता, ते त्याला खात होतं. आज गाडी आली, पण दर खेपेला गाडी कोण आणणार, असं भावानं विचारताच तो उठला. त्यानं सांगितलं, की आपल्या गावची पोरं रोज शिफ्टला याच रस्त्यानं जातात. जाताना कॅरिअरला दळण बांधायचं, गिरणीत टाकायचं, सुटल्यावर पीठ घेऊन यायचं. कुणाला लाज वाटत असेल तर मी पहिला नेतो.

नानासाहेबांनी धाकट्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "ही गोष्ट घरी तू सांग. समद्यांच्या म्होरं. बायकूच्या शेजारी हुबा ऱ्हाऊन सांग."

गाडी परत आली तेव्हा शर्यती संपत आल्या होत्या. नानासाहेब, अर्जुनराव, मालोजी आणि दोन्ही बैल पिठानं पांढरेफटक झाले होते. गावानं त्यांच्यावर गुलाल टाकला, तो पिठावर बसला आणि सगळे गुलाबी झाले. शर्यतीच्या पंचांनी, मैदानात न उतरलेल्या हौशा-पाखऱ्यांचंही नाव पुकारलं. कुठला नंबर ते कुणी विचारलं नाही. अर्जुनरावाच्या फेट्यात मानाचा तुरा खोवला गेला; त्यानं तो काढून सोजराच्या वेणीत अडकवला.

दळण, जत्रा सगळं सोडून सोजरा दुपारभर झोपली होती. आता ती टक्क जागी होती आणि तुऱ्याला हात लावू बघणाऱ्या कोंडाजीच्या लेकीशी कडाकडा भांडत होती. इंद्रायणी दुरून ते भांडण ऐकत उभी राहिली. मध्ये पडून सोडवावं असं तिला मुळीच वाटलं नाही.

मालोजीनं वडिलांनी सांगितलं तसं केलं. कान लाल झाले, पण बायकोच्या शेजारी उभा राहून सगळं बोलला.

दिवेलागणीला अंबूबाईंनी नव्या पिठाची भाकरी केली. पाहुणे, सुना, लेक आणि दारातून डोकावणारे शेजारी असे सगळे नानासाहेबांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि बराच वेळ चावला.

"जात्याच्या पिठाची चव न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला.

"पर हुईल सवय. दुसरी वाढ."

*

दुसऱ्या दिवशी पहाटे यशोदाबाईला सवयीनं जाग आली. अंधारात चाचपडत ती जात्यापाशी गेली, सूप ओढलं, आणि मग तिला आठवलं की दळायला काही नाही. ती तशीच बसून राहिली. जरा वेळानं पलीकडं कुणीतरी येऊन बसलं. इंद्रायणीलाही झोप लागली नव्हती.

दोघींना एकदम हसू आलं. सोजरा जागी होईल म्हणून दोघींनी एकमेकींच्या तोंडावर हात दाबले, त्यानं हसू आणखीच वाढलं. इंद्रायणीनं चुलीवर चहा ठेवला. एवढ्या पहाटे, काही काम नसताना, दोघीच चहा पितायत, ही गोष्ट या घरात कधी झाली नव्हती. यशोदाबाईला माळावर नेऊन सोडल्यासारखं मोकळं वाटत होतं. आणि त्यातच एक कळ उठली.

"गानी कुटं म्हनायची गं आता?" तिनं विचारलं.

इंद्रायणीनं हा विचार केला नव्हता. माहेराची, भावाची, देवाची, जे दिवसा कुणाशी बोलता येत नाही ते सगळं गाणं या खुंट्याभोवती फिरायचं. खुंटा थांबला तर ते जाणार कुठं?

"इथंच म्हणू," ती म्हणाली. "दळण नसलं तर नसलं."

यशोदाबाईला आधी लाज वाटली. मग तिनं घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात सुरू केलं. इंद्रायणीनं मागची ओळ उचलली. दोघींनी हातातल्या कपबश्या खाली ठेवल्या, कारण हात आपोआप गोल फिरायला लागले होते.

आत सोजरा कुशीवर वळली, पांघरूण डोक्यावर ओढलं आणि झोपलीच.